आतला खटका

"हात आत घाल. तळवा वरच्या बाजूला. आता सांग, बोटांना काय लागतंय?"

"काय लागणार? पत्रा."

"दमानं. मधोमध नव्हे, जरा डावीकडे चाचप."

गाडीच्या तोंडाशी ओणव्या झालेल्या काकूंनी बॉनेटच्या दोन बोटांच्या फटीत हात आणखी आत सरकवला. डावीकडे एक चपटी, थंड पट्टी लागली. शिवणयंत्राचा दाबपाय उचलायची कळ असते ना, तशीच. त्यांनी ती बोटाने वर ढकलली, आणि बॉनेट इतकं अलगद सुटलं की त्याच दचकल्या.

"सापडला!"

"तोच आतला खटका. आत बसून ओढलीस ती मूठ फक्त बाहेरचं कुलूप काढते. हा खटका हाताने सारल्याशिवाय बॉनेट पुरतं उघडत नाही. का ठेवलाय असा?"

"मला छळायला."

"चालत्या गाडीत कुलूप चुकून निघालं, तर वाऱ्याने बॉनेट उडून काचेवर आदळू नये म्हणून. बाहेरचं सुटलं तरी आतलं धरून ठेवतं. चल, आता उचल. एका हाताने धर, दुसऱ्या हाताने ती आडवी दांडी उभी कर आणि बॉनेटच्या भोकात बसव. बसली की हलवून बघ. नुसती टेकलेली असली तर मानेवर यायची."

काकूंनी दांडी बसवली, हलवून बघितली, आणि कमरेवर हात ठेवून पहिल्यांदाच त्या गाडीच्या पोटात डोकावल्या.

एकतीस वर्षं त्यांच्या नवऱ्याने टॅक्सी चालवली होती. आडनाव त्यांचं दमाने नव्हतं. पण स्टँडवर कुणी घाई केली, गिऱ्हाईकाने "जरा मारा की" म्हटलं, मागच्याने भोंगा वाजवला, की यांचं एकच उत्तर, "दमानं, दमानं." त्यावरून स्टँडवरच्या लोकांनी त्यांना दमाने करून टाकलं. पुढे पुढे तर लेकीच्या शाळेतल्या बाईंनीही हजेरी घेताना तिला दमाने म्हणून हाक मारली, आणि लेक घरी येऊन रडली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्टँड सोडला, टॅक्सीचा रंग खरवडून तिला करडा रंग दिला, आणि एकच गिऱ्हाईक ठेवलं. ते म्हणजे मागच्या गल्लीतले गणिताचे मास्तर. मास्तरांची मूत्रपिंडं थकली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात पोचावं लागायचं.

या एकतीस वर्षांत गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला दमान्यांना खपला नव्हता. लेकीला फडकंसुद्धा मारू दिलं नाही. तिच्याच हट्टापायी काकूंनी चार वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन लायसन्स काढलं. पण नंतर तीनदा गाडी चालवायला बसल्या, आणि तिन्ही वेळा शेजारी बसलेल्या दमान्यांनी नसलेला ब्रेक पायाने इतका दाबला की चौथ्यांदा त्यांनी किल्लीच परत केली. "तुमची गाडी तुम्हाला लखलाभ," म्हणाल्या, आणि पुन्हा शिवणाच्या यंत्रावर जाऊन बसल्या. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं यंत्र होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी त्यांनी आखूड केल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांच्या ढिल्या.

आणि आज रविवारी सकाळी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, दमाने आपण होऊन म्हणाले होते, "खाली ये. गाडी उघडायला शिकवतो. बोटातली अंगठी काढून ये. बॅटरीच्या दोन टोकांत धातू अडकला तर बोट भाजून निघतं."

काकूंना हसू आवरेना. त्यांनी अंगठी काढली, ओढणी खुंटीला टांगली, केस घट्ट बांधले. जिना उतरताना त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला निघाल्यासारखं वाटत होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण वाटत होतं खरं.

"आधी काय बघायचं?" त्यांनी विचारलं.

"आधी काय काय केलंस ते सांग."

"गाडी सपाट जागेवर. हँडब्रेक ओढलेला. इंजिन बंद, किल्ली खिशात. आणि इंजिन थंड."

"थंड कशावरून?"

"रात्रभर उभीच आहे की."

"शहाणी आहेस. आता ती पिवळी कडी दिसते? ती ओढून काढ. तेलाची पट्टी. फडक्याने पूस. परत पुरती आत घाल. परत काढ. आता बघ. दोन खुणा आहेत. तेल दोन्हींच्या मध्ये पाहिजे. काठोकाठ असेल, मी काल बघितलंय."

काकूंनी पट्टी उजेडात धरली. तेल खालच्या खुणेलाही धड शिवत नव्हतं.

"अहो, काठोकाठ कुठलं? तळाला गेलंय."

"नीट बघ."

"चाळीस वर्षं सुईत दोरा ओवतेय मी. नीटच बघतेय."

दमान्यांनी पट्टी हातात घेतली. मान वाकडी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तशी ती त्यांनी डोळ्याच्या कडेला नेली. जरा वेळ बघितलं. मग परत दिली आणि तेलाचा डबा आणला. काकूंनी नरसाळं लावून थोडं थोडं तेल ओतलं. ओतलं की थांबायचं, पट्टी पुसायची, परत बघायचं. काम त्यांच्या हाताला लगेच ओळखीचं वाटलं. यंत्र म्हटलं की तेल, पट्टा आणि कान, बाकी काय असतं!

"आता पाणी," दमाने म्हणाले. "नुसतं पाणी नव्हे, ते हिरवं औषध घातलेलं. इंजिन गार ठेवतं ते. पांढरी टाकी बघ. तीत मी दर आठवड्याला भर घालतो. हल्ली जरा जास्तच पितेय."

पांढऱ्या टाक्या दोन होत्या. एक इंजिनाच्या जवळ, एक कोपऱ्यात. इंजिनाजवळची जवळजवळ कोरडी होती. काकूंनी कोपऱ्यातल्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणावर काच पुसायच्या दांडीचं चित्र होतं, बोटाएवढं ठळक. आत गळ्यापर्यंत हिरवं भरलं होतं.

काकूंचा हात झाकणावरच राहिला. महिनाभर गाडीच्या पुढच्या काचेवर हिरवट ओघळ दिसत होते. "कसली घाण लावून ठेवलीय," म्हणून त्या दोनदा ओरडल्याही होत्या. एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून गाडी सांभाळणारा माणूस इंजिनाचं पाणी काच धुवायच्या टाकीत ओतत होता, आणि त्याला ते दिसत नव्हतं.

"भरली आहे का?" दमान्यांनी विचारलं. ते काकूंकडे बघत होते. म्हणजे काकूंच्या कानाकडे बघत होते.

"थोडी कमी आहे," काकू म्हणाल्या. "आणा डबा. मी घालते."

त्यांनी योग्य टाकी खुणेपर्यंत भरली. एका जाड रबरी पाईपच्या तोंडाशी पांढरट पूड जमलेली दिसली, ती धूळ समजून त्यांनी पुसून टाकली. मग दांडी काढून जागेवर ठेवली, बॉनेट वीतभर उंचीवरून सोडून दिलं, आणि दमान्यांनी सांगितलं तसं ओढून बघितलं की दोन्ही खटके बसलेत ना. दमाने समाधानाने हसले. "दाबायचं नाही बॉनेट," ते म्हणाले, "पत्रा दबतो. सोडून द्यायचं. आपल्या वजनाने बसतं ते."

जिना चढताना काकू मागे राहिल्या. दमाने प्रत्येक पायरीवर आधी बुटाचं टोक टेकवत होते. हे कधीपासून चाललंय, ते काही त्यांना आठवेना. आपण रोज यांच्या समोर बसून जेवतो, आणि आपल्याला दिसलं नाही. मग आपले तरी डोळे कुठे धड आहेत?

वर आल्यावर त्यांनी दार लावलं.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. एकतीस वर्षांत मला गाडीला टेकू दिलं नाही, आणि आज एकदम गुरुजी झालात. किती दिवस झाले नीट दिसत नाही त्याला?"

दमाने खुर्चीत बसले. टेबलावरचा कप त्यांनी चाचपत जवळ ओढला, तो रिकामा होता.

"चार महिने," ते म्हणाले. "कडेचं सगळं दिसतं. दार दिसतं, खिडकी दिसते. मधोमध एक डाग आहे. पाटीवर ओलं बोट फिरवल्यासारखा. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं."

"डॉक्टरकडे?"

"गेलो होतो."

"एकटे?"

"हो."

"काय म्हणाले?"

"आंधळा होणार नाही म्हणाले. पण मधलं परत यायचं नाही. थेंब दिले. गाडी चालवू नका म्हणाले."

काकू उभ्याच होत्या. "आणि तुम्ही चार महिने मास्तरांना नेताय."

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ असेल हो! रस्त्यावरची माणसं पाठ असतात का?"

एवढ्या मोठ्या आवाजात त्या लेकीच्या लग्नातही बोलल्या नव्हत्या. खालच्या मजल्यावरचा रेडिओ बारीक झाला. दमाने मान खाली घालून बसले होते.

"शुक्रवारी येताना एक मुलगी आली. सायकलवर. शाळेचा गणवेश होता. म्हणजे असावा. समोर रस्ता मोकळा होता, आणि एकदम त्या डागातून सायकल बाहेर आली. ब्रेक लागला. हातभर अंतर राहिलं. ती गेली निघून, मला हात करून गेली, 'थँक्यू काका' म्हणाली. तिला वाटलं मी तिला जाऊ दिलं." ते थांबले. "मास्तर मागे पेपर वाचत होते. त्यांना कळलंही नाही. घरी आलो आणि ठरवलं, आता बास. तुला सांगायचं होतं की मंगळवारपासून तू चालव. शुक्रवारी सांगणार होतो, शनिवारी सांगणार होतो. तोंडातून शब्द निघेना. म्हटलं, आधी बॉनेट उघडायला शिकवू."

काकूंचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, भांडं आपटलं, परत आल्या.

"सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी येणार. आणि मंगळवारी चालवीन मी. पण एक अट आहे. पायाने ब्रेक दाबायचा नाही."

"नाही दाबणार."

"शपथ?"

"सवय आहे गं ती. पाय आपोआप जातो."

"मग बूट काढून बसा," काकू म्हणाल्या.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी दमान्यांच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितला आणि तेच सांगितलं जे चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. फक्त या वेळी ते ऐकायला दोन माणसं होती. कडेची नजर राहील. चालणंफिरणं, घरातलं काम, सगळं जमेल. वाचायला भिंग लागेल. काकूंनी सगळं वहीत लिहून घेतलं, थेंबांच्या वेळांसकट.

मंगळवारी नऊ वाजता मास्तर हातात पेपर आणि डबा घेऊन आले, आणि सवयीने मागचं दार उघडून बसले. पुढे बघतात तो स्टिअरिंगवर काकू.

"आज काय बदल?"

"आजपासून मी," काकू म्हणाल्या. "घाबरू नका. लायसन्स आहे."

"मी कशाला घाबरू? माझ्याकडे फार काही शिल्लक नाही," मास्तर म्हणाले. "फक्त दहाच्या आत पोचवा. मशीन माझी वाट बघत नाही. पुढचा माणूस बसतो."

काकूंनी गाडी गल्लीतून बाहेर काढली. शेजारी दमाने अनवाणी बसले होते, दोन्ही तळवे मांडीखाली दाबून. पहिल्या चौकात गाडी बंद पडली. मागच्याने भोंगा वाजवला. काकूंनी किल्ली फिरवली आणि काच खाली करून मागे ओरडल्या, "दमानं!" मास्तर इतके हसले की त्यांच्या हातून पेपर पडला. दमानेही हसले. गाडी सुरू झाली.

दुसऱ्या चौकानंतर काकूंचे खांदे खाली आले. सकाळचं ऊन पडलं होतं. दुकानदार फळ्या काढत होते, एक बाई फुटपाथ धूत होती. रस्ता दोन्ही बाजूंनी आपल्याकडे येतोय आणि आपण त्याला जागा करून देतोय, असं काहीतरी काकूंना वाटत होतं. इतकी वर्षं हे सुख या माणसाने एकट्याने घेतलं, हा विचारही मनात येऊन गेला.

नदीवरच्या पुलाचा चढ लागला, तसे दमाने सरळ बसले. नाक वर केलं.

"गोडसर वास येतोय."

"मास्तरांच्या डब्याचा असेल."

"नव्हे. हिरव्या पाण्याचा आहे. काटा बघ. गरमाईचा."

काकूंनी बघितलं. मधोमध असायचा तो काटा लाल पट्टीकडे सरकला होता. "लालच्या जवळ आलाय हो."

"डावीकडे घे. दमानं. इशारा दे. थांब. इंजिन बंद कर. हँडब्रेक."

गाडी पुलाच्या कठड्याशी थांबली. बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ निघत होती. घड्याळात साडेनऊ वाजले होते. मास्तरांनी पेपराची नीट घडी घातली.

फळांचा टेम्पो मागे येऊन थांबला. टेम्पोवाला चाळिशीचा, अंगाने भरलेला, मदतीला उतावीळ असा माणूस होता. हातात पाण्याची बाटली घेऊनच उतरला.

"तापली ना? बाजूला व्हा काकू. बॉनेट उघडा, झाकण काढून पाणी ओततो. दोन मिनिटांचं काम."

"थांबा," काकू म्हणाल्या.

"अहो, रोजचं आहे आमचं." तो दमान्यांकडे वळला. एकतीस वर्षं टॅक्सी चालवलेल्या माणसाची ठेवण लपत नाही. "काका, सांगा ना यांना. मी उघडतो झाकण."

दमाने गाडीला टेकून उभे होते. त्यांचा उजवा हात जरासा पुढे आला होता, मूठ वळल्यासारखा. तो त्यांनी मागे घेतला.

"तिला विचारा," ते म्हणाले. "गाडी ती चालवतेय."

टेम्पोवाल्याने परत काकूंकडे बघितलं. काकूंचा आवाज सुईसारखा सरळ निघाला.

"झाकणाला कुणी हात लावायचा नाही. आत उकळतंय. उघडलं की कारंजं उडेल, तुमचं तोंड सोलून निघेल. बॉनेटसुद्धा वाफ थांबेपर्यंत उघडायचं नाही. अर्धा तास लागेल." मग त्यांना एकदम सुचलं. "तुम्हाला खरंच मदत करायची असेल, तर या मास्तरांना इस्पितळात सोडा. त्यांची दहाची वेळ आहे."

टेम्पोवाल्याने मास्तरांच्या सुजलेल्या पावलांकडे बघितलं आणि उतावीळपणा त्याच्या अंगातून गेलाच. "चला मास्तर," तो म्हणाला. "पुढे बसा. पेट्या मागे आहेत." त्याने स्वतः त्यांना दंडाला धरून वर चढवलं. पाण्याची बाटली मात्र काकूंच्या हातात ठेवून गेला.

"दोनला घ्यायला येते," काकू ओरडल्या.

"याल. घाई नाही," मास्तर टेम्पोतून म्हणाले.

मग ती दोघं कठड्यावर बसली. खाली नदी होती. माणसं वळून बघत होती. दमान्यांनी बूट घातले.

"वास तुम्हाला आधी आला," काकू म्हणाल्या. "मला तर कळलाही नसता."

"पाणी कुठून तरी जातंय. म्हणून जास्त पीत होती. पाईप असणार. फुटायच्या आधी पाईपच्या तोंडाशी पांढरी पूड धरते. मी दर रविवारी बघायचो."

काकूंनी गाडीकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "मी बघितली होती. परवा. धूळ समजून पुसली मी."

"तुला दिसली आणि कळलं नाही," दमाने म्हणाले. "मला कळलं असतं, पण दिसली नाही."

"आणि एक सांगते. तुम्ही महिनाभर हिरवं पाणी काच धुवायच्या टाकीत घालत होतात."

दमान्यांनी नदीकडे तोंड फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. काकूंना वाटलं रडतायत. पण ते हसत होते. "तरीच," ते म्हणाले, "तरीच काच पुसली की चिकट! मी त्या काच धुवायचं पाणी विकणाऱ्या दुकानदाराला जाऊन शिव्या देऊन आलो, गं! म्हटलं, पाण्यात साखर घालतोस काय!"

काकूही हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "यापुढे," त्या म्हणाल्या, "मला जे दिसेल ते मी सगळं मोठ्याने सांगेन. धूळ का असेना."

"सांग. मी कंटाळणार नाही."

अर्ध्या तासाने वाफ पुरती थांबली. काकूंनी मूठ ओढली, पुढे येऊन बॉनेटवर हाताचा मागचा भाग टेकवून बघितला, मग खटका शोधला. या वेळी बोटं सरळ त्याच्यावर गेली. दांडी लावली. इंजिनाजवळच्या टाकीच्या झाकणावर जाड फडकं चौपदरी ठेवलं, तोंड बाजूला केलं आणि झाकण चतकोर फिरवून थांबल्या. सूं करून उरलीसुरली वाफ निघून गेली. मग पुरतं काढलं. आत पाण्याचा पत्ता नव्हता.

"आता बोल," दमाने म्हणाले. "काय दिसतंय?"

"वरचा जाड पाईप. इंजिनाकडच्या टोकाला. तोंडाशी चीर आहे, बोटाच्या एका पेराएवढी. पट्टी आहे ना आवळायची, तिच्याच बाहेर."

"पाईपला लांबी आहे? ताणलेला आहे की सैल?"

"सैल आहे. कमान आहे चांगली."

"मग काम झालं. पट्टीचा स्क्रू ढिला कर, पाईप काढ. फाटलेलं टोक कापून टाकायचं आणि उरलेला परत बसवायचा. पान्यांच्या पिशवीत करवत आहे, पण करवतीने तोंड वाकडं होईल..."

"करवत कशाला?" काकू म्हणाल्या, आणि मागच्या सीटवरून आपली पिशवी आणून तीतून कापड कापायची मोठी कात्री काढली. एका गिऱ्हाईकाकडे पडद्यांचं माप घ्यायला जायचं होतं परत जाताना. त्या कात्रीने आजवर कागदसुद्धा कुणाला कापू दिला नव्हता त्यांनी.

दमान्यांनी पाईपचं टोक दोन्ही हातांत घट्ट धरलं. चीर कुठे संपते ते त्यांनी अंगठ्याने चाचपून बघितलं आणि तिथे नख रोवलं. "इथे. माझ्या नखाला धरून काप."

"बोट कापलं जाईल."

"तू कापशील माझं बोट?"

काकूंनी कापलं. जाड रबर कुरकुरलं, पण हात ढळला नाही. तोंड असं गोल, स्वच्छ निघालं की दमान्यांनी त्यावरून तीनदा बोट फिरवलं. "वा," ते हळू म्हणाले. स्टँडवरच्या एकतीस वर्षांत हा शब्द त्यांनी फार कुणासाठी वापरला नसावा. पाईप बसवला, पट्टी आवळली, टेम्पोवाल्याच्या बाटलीतलं आणि आपल्या डिकीतल्या कॅनमधलं पाणी दमादमाने ओतलं. इंजिन सुरू केलं. काकू काट्याकडे बघत बसल्या, दमाने कान देऊन उभे राहिले. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

"ठीक आहे," दोघंही एकदमच म्हणाले.

दोन वाजता मास्तर इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून होते, थकलेले पण वेळेत सगळं झालेले. टेम्पोवाल्याने त्यांच्या हातात दोन संत्री देऊन ठेवली होती. "एक तुमच्या ड्रायव्हरसाठी म्हणाला," मास्तर म्हणाले. "कोण तो विचारलं नाही मी. तुम्हीच ठरवा." दमान्यांनी संत्रं सोललं आणि फोडी करून एकेक काकूंच्या हातात देत राहिले, सिग्नल लागला की.

पुढच्या महिन्यात ती दोघं परिवहन कार्यालयात गेली. दमान्यांनीच विषय काढला होता. काकूंनी एका शब्दानेही सुचवलं नव्हतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. काकूंनी तो वाचून दाखवला आणि रकाने भरले. एका रकान्याशी त्या अडल्या.

"परवाना परत करण्याचं कारण," काकूंनी वाचलं. मग पेन तसंच धरून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"आजारपण लिहू का?" खिडकीतल्या बाईंनी मदतीच्या सुरात विचारलं. "की वय?"

दमान्यांनी मान जराशी वाकडी केली. त्या बाईंचा चेहरा त्यांना कडेने का होईना, दिसत असावा.

"लिहा," ते म्हणाले, "घरात दुसरा ड्रायव्हर आहे."

बाईंनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा अर्जाकडे. तसा पर्याय अर्जात नव्हता. त्यांनी अर्ज परत घेऊन 'इतर' समोर खूण केली आणि पुढे ते वाक्य जसंच्या तसं स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "टॅक्सीचा बिल्लाही द्यावा लागेल."

स्टँड सोडल्यावरही सदऱ्याच्या खिशावर लावत आलेला पितळी बिल्ला दमान्यांनी स्वतः काढला. टाचणी मागून अडकली होती, वेळ लागला. काकूंनी हात पुढे केला नाही. मागे रांग होती. बिल्ला त्यांनी खिडकीतून आत ठेवला. खिशावर दोन बारीक भोकं राहिली, आणि त्यांच्याभोवती बिल्ल्याएवढा एक गोल, बाकीच्या सदऱ्यापेक्षा गडद, ऊन न लागलेला.

बाहेर आल्यावर ते पायरीवर थांबले. त्या गोलावर एकदा तळवा ठेवला, आणि काढून घेतला.

"गाडी सावलीत लावलीस ना?"

"लावलीय."

"कुठे आहे?"

"वीस पावलं सरळ. मग उजवीकडे एक झाड आहे, त्याच्या पलीकडे."

"चल," दमाने म्हणाले, आणि कुणाचाही हात न धरता, पावलं मोजत, पुढे निघाले.